पोटावरची काजळाची रेघ

आमच्या भागात सिकलसेल म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रक्ताचा आजार, आईबापाकडून लेकराला येणारा. मला दोन मुलं झाली आणि दोघांनाही तो होता. मुलगा लहानपणीच गेला. मुलगी आहे, कॉलेजात जाते आणि माझ्याशी कडाकडा भांडते. आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये मी तिच्या खोलीकडे सदा कान लावून असते, हे तिला ठाऊक आहे, म्हणूनच भांडते.

मुलाला कशानं नेलं, ते मला नंतर कळलं. पानथरी म्हणून एक अवयव असतो, डाव्या बरगडीखाली. हा आजार असलेल्या लहान लेकरांच्या अंगातलं रक्त ती कधी कधी अचानक स्वतःतच साठवून घेते. पोट फुगतं, लेकरू पांढरं पडतं, आणि उशीर झाला तर सगळंच संपतं. आम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आता आम्ही काही आया, ज्या घरात लेकराला हा आजार नव्यानं निघतो, तिथं जाऊन बसतो. नवरा चिडवतो, "आज कुठं व्हिजिट, डॉक्टरीणबाई?" मी डॉक्टर नाही. मी फक्त एकच गोष्ट नीट शिकवते. लेकराला उताणं निजवायचं, हलक्या बोटांनी पानथरीची कड शोधायची आणि तिथं काजळाची रेघ ओढायची. रोज सकाळी पाहायचं. कड रेघेखाली उतरली की कुणाला विचारत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

सावली या तालुक्याच्या गावापुढं, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात मी असंच एका पोरसवदा आईला शिकवलं होतं. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, घरी ती, सासू आणि दोनेक वर्षांची मुलगी. दिवस मोहफुलांचे. ती पहाटे मोह वेचायला जायची, परत आली की मुलीला आंघोळ घालायची आणि मग मला फोन करायची.

"रेघीवरच आहे बाई."

एवढं ऐकलं की मी गॅसवरचं दूध बघायला मोकळी व्हायची.

एक दिवस मी सावली गावात दुसऱ्या घरी आले होते. तिचा फोन आला. "रेघीवरच आहे बाई. पन पोरगी झोपूनच राह्यली. उठवलं तं रडतबी नाई."

रडणारं लेकरू मला परवडतं. न रडणाऱ्याची मला फार भीती वाटते. मी तशीच ऑटो करून निघाले.

अंगणात मोह वाळत घातला होता. सासूच्या मांडीवर मुलगी निपचित पडलेली. ओठांचा रंग गेलेला, पापण्यांच्या आतही लाली नाही. मी फ्रॉक वर केला. रेघ होती, ताजी, काळीभोर, अगदी सरळ. बोटं फिरवली. कड बरोबर रेघेवर. खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं.

मग लक्षात आलं की रेघ बेंबीजवळ आहे. मी ओढली होती ती बरगडीपासून दोन बोटांवर.

मुलीला दाराच्या उजेडात घेतलं. बरगडीपासून बेंबीपर्यंत पुसट, राखाडी रेघा दिसल्या, एकीखाली एक.

"ह्या कुणी काढल्या?"

"मीच तं," आई म्हणाली, जरा कौतुकानंच. "आंघोळीत पुसते ना. मंग हात लावून पाहतो, जिथी लागली तिथी नवी काढतो. रोज. एक दिवसबी चुकलो नाई."

खरंच चुकली नव्हती. रोज पानथरी खाली येत होती आणि रोज ही तिच्यापाठोपाठ रेघ खाली आणत होती, आणि मी फोनवर खूश होत होते.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय," मी म्हटलं.

सासू मुलीला सोडेना. "रेघीवर आहे ना? तुमीच सांगतलं होतं, खाली गेली तं न्या म्हनून. मंग काऊन न्याचं? पोराचा फोन येऊ द्या."

माझाच नियम माझ्या आडवा आला. एरवी मी तासभर बोलू शकते, पण तेव्हा एक वाक्य जुळेना. मुलीचा फ्रॉक खाली करायला गेले, तर तो माझ्या बोटांत धरवेना. "चला," एवढंच म्हणाले. पुन्हा म्हणाले, "चला." आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं सासूच्या मांडीवरून मुलगी उचलली आणि अनवाणीच ऑटोत येऊन बसली.

मी दवाखान्यात फोन लावला, रक्त तयार ठेवा म्हणून सांगितलं. वैनगंगेच्या पुलावर मुलीची मान आईच्या हातावरून मागे कलंडली. ती मान मला ओळखीची होती. मी जोरात ओरडले, ऑटोवाल्यावर, उगाचच. तो बिचारा आधीच जीव मुठीत धरून चालवत होता. मला वाटत होतं, हीही जाणार आणि या बाईच्या शेजारी मीच बसलेली असणार, हातात काजळाची डबी देणारी मी.

मुलगी गेली नाही. रक्त चढलं, संध्याकाळपर्यंत ओठांवर रंग दिसू लागला. पोट तपासून डॉक्टर म्हणाले, पानथरी आकसतेय. तेव्हा कुठं मी खाटेच्या कडेला टेकले.

"लय चुकलो ना बाई मी?" आईनं विचारलं.

"तू रोज पाहत होतीस. पहिली रेघ हलवायची नसते, हे मीच सांगितलं नव्हतं." आणि मग न राहवून विचारलं, "सासूचं न ऐकता निघालीस कशी? मला तर धड बोलताही आलं नाही."

"तुमी बोलल्या असत्या तं मी थांबलीच असती. बोलनारे लय येते बाई." ती मुलीच्या पायावरून हात फिरवत होती. "तुमचे हात कापून राह्यले होते. मले वाटलं, ह्या बाईनं हे आपल्या लेकराचं पाह्यलं आहे. पाह्यलं ना?"

इतकी वर्षं मी घरोघरी फक्त माझ्या मुलीबद्दल बोलत आले. कॉलेजात जाते, भांडते, बघा, जगतात लेकरं.

"हो," मी म्हटलं. "मुलगा होता माझा."