मिस्त्रींचा कान

मिस्त्रींना गाड्यांमधलं सगळं कळत होतं असं म्हटलं तर ती थाप होईल. त्यांना गाड्या ऐकू यायच्या, एवढंच. पण त्या एवढ्यावर त्यांनी चाळीस वर्षं काढली. गाडी अजून कोपऱ्यावर असायची आणि हे पाना पुसत सांगायचे, "दोन नंबरचा प्लग मारत नाहीये." गाडीवाला येऊन बॉनेट उघडेपर्यंत यांच्या हातात प्लग काढायची तयारी. हा प्रकार बघायला माणसं उगीच रेंगाळायची. मिस्त्रींना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्यांची खरी मिजास होती ती टायमिंगची. प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी, हे जुन्या गाड्यांत हाताने लावावं लागतं. उशिरा पडली तर गाडी मरगळते, लवकर पडली तर इंजिन आतून खडखडतं. बाकीचे मेकॅनिक त्यासाठी टायमिंगचा दिवा लावून खुणा बघायचे. मिस्त्री त्यांना आंधळे म्हणायचे. त्यांची रीत वेगळी होती. गॅरेजच्या मागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ होता. गाडी वरच्या गियरमध्ये त्या चढावर घालायची, पाय दाबायचा आणि ऐकायचं. पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा बारीक आवाज आला, तर ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवायचा. आला नाही तर केसभर पुढे, म्हणजे ठिणगी जरा लवकर. आवाज जिथे जेमतेम थांबतो ती जागा बरोबर, मग पुस्तक काहीही म्हणो.

पुढे कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्या आणि ऐकण्यासारखं काही उरलं नाही. गिऱ्हाईक पांगलं. उरली ती एक मास्तरांची गाडी. मास्तर म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य आणि म्हणूनच थोडे त्रासदायक गृहस्थ. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची ती गाडी त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षा वयाने मोठी होती. तिच्यात दर महिन्याला काहीतरी निघायचं आणि त्या काहीतरीसाठी मिस्त्री रोज सकाळी शटर वर करायचे. ती गाडी गेली असती, तर त्यांना घराबाहेर पडायला कारण राहिलं नसतं. हे ते कुणाला बोलले नव्हते. बायकोला मात्र न बोलता कळलेलं होतं.

तर ही गाडी एकदा गरम झाली की बंद पडायला लागली. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. मास्तरांनी ती आणून सोडली आणि मिस्त्रींच्या अंगात जणू दहा वर्षांपूर्वीचं वारं शिरलं. बॅटरी बघितली. मधली वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली, ठिणगी पिवळी आणि मेलेली. कॉइल ठीक होती. पॉइंट काढले तर काळे पडलेले. "कंडेन्सर गेलाय," ते म्हणाले आणि तो खरंच गेला होता. नवा कंडेन्सर, नवे पॉइंट, गॅप मोजून लावलेला. ठिणगी निळी झाली आणि कडाडून पडायला लागली. इथपर्यंत त्यांचं काही म्हणजे काही चुकलं नाही.

मग नेहमीप्रमाणे टायमिंगसाठी गाडी चढावर घातली. आवाज नाही. उतरून केसभर पुढे केलं. आवाज नाही. पुन्हा केसभर. तिसऱ्या फेरीलाही इंजिन गुमान चढलं, तेव्हा मिस्त्री खूश झाले. म्हातारीत अजून दम आहे, असं मनाशी म्हणत त्यांनी नट आवळला.

आठ दिवसांनी मास्तर परत. गाडी तापते, चढावर ओढत नाही, आणि सुरू करताना सेल्फ उलटा झटका खातो. दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल कुणी हे विचारलं असतं, तर मिस्त्रींनी झोपेतून उठून उत्तर दिलं असतं, की बाबा रे, टायमिंग फार पुढे गेलंय. या वेळीही ते मनात आलंच. पण कान म्हणत होता नाही आणि कानाचं त्यांनी कधी मोडलं नव्हतं. त्यांनी जुन्या कॉइलवर, बाजारातल्या बनावट मालावर आणि पेट्रोलपंपावर आळ घेतला. कॉइल बदलली. गाडी ओढत नाही म्हणजे ठिणगी अजून उशिराच पडतेय, असा हिशेब करून टायमिंग आणखी थोडं पुढे केलं.

त्या दिवशी बायको डबा घेऊन गॅरेजवर आली होती. तिला टाकीजवळच्या बहिणीकडे जायचं होतं. मिस्त्री म्हणाले, "बस गाडीत, मला तिकडेच चक्कर मारायचीय." ती पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली. चढ सुरू झाला, मिस्त्रींनी पाय दाबला.

"अहो, हे काय वाजतंय?" ती म्हणाली.

"कुठे काय वाजतंय?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते, मान किंचित तिरकी, ऐकताना नेहमी असायची तशी. चेहरा अगदी निवांत होता.

"काही नाही," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या पिशवीतले डबे."

पुढच्याच आठवड्यात मास्तरांची गाडी घाटात बसली. दोरी बांधून आणली. बसायच्या आधी साऱ्या रस्त्यावर निळा धूर, तेल उडालेलं. मिस्त्रींनी दुपारी हेड उघडलं आणि तसेच वाकून राहिले. तिसऱ्या पिस्टनला भोक पडलं होतं. बोट जाईल एवढं, कडा मेणासारख्या वितळलेल्या. असं भोक एका दिवसात पडत नाही. इंजिन पुष्कळ दिवस खडखडत राहावं लागतं, आणि तो खडखडाट रस्त्यावरच्या पोरालाही ऐकू येतो. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, तेच आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले होते.

मास्तर स्टुलावर बसले होते. मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं, "आवाज येत होता का हो?"

मास्तर काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोला."

"येत होता," मास्तर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून येत होता. मला वाटलं, तुमच्या कानाला तो कळला असणारच. तुम्ही काही म्हणत नाही म्हणजे तसंच असेल. मी आपला भूगोलाचा माणूस. तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

मिस्त्रींना वाटलं, मास्तरांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शिव्या मास्तरांना येत नव्हत्या. त्या इंजिनचे पिस्टन आता कुठे मिळत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. मास्तरांनी उठून गाडीच्या टपावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. "दोन दिवसांत माणूस पाठवतो, भंगारवाला," ते म्हणाले आणि हे मात्र मिस्त्रींना स्पष्ट ऐकू आलं.

शटर ओढून मिस्त्री घरी आले तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. बायको भाजी निवडत होती.

"त्या दिवशी पिशवीत डबे होते?"

तिने भाजी खाली ठेवली. "नव्हते."

"मग?"

"तुमचा चेहरा बघितला. बोलवेना मला."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तीन वर्षं झाली. आधी शिट्टी ऐकू येईना तुम्हाला, कुकरची. मग दाराची बेल." ती नेहमीसारखी ठणठणीत बोलत होती. मिस्त्रींना वाटायचं, वयाबरोबर बाईचा आवाज चढलाय. यावरून त्यांनी तिची थट्टाही केली होती, पाहुण्यांसमोर, लाउडस्पीकर म्हणून. ती हसली होती. "गॅरेजवर काही कळू नये एवढंच बघितलं मी. एकच तर गाडी उरली होती."

"एक उरली होती ती मी मारली," मिस्त्री म्हणाले. "तू एक शब्द बोलली असतीस तर वाचली असती."

"हो," ती म्हणाली. तिने स्वतःची बाजू मांडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिस्त्रींना राग धरायचा होता, पण धरायला काही हाताला लागेना. मास्तरांनी मान राखला होता, हिने माया केली होती, आणि या दोन्हींच्या मध्ये ते पंधरा दिवस एक इंजिन जाळत बसले होते, मान तिरकी करून.

ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "पूर्वी कशी बोलायचीस तू? लग्न झालं तेव्हा?"

"म्हणजे?"

"हळू बोलायचीस. तसं बोल. तुझ्या खऱ्या आवाजात बोल काहीतरी."

ती त्यांच्याजवळ सरकली. मिस्त्रींनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि वाट बघत बसले. घरात शांतता होती.

"बोल ना," ते म्हणाले.

तिने त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"बोलले," ती मोठ्याने म्हणाली.