सातवी लाट

आमचं वावर नदीकाठाला होतं आणि दर पावसाळ्यात नदी त्यातला एक घास नेत असे. मी मॅट्रिकला पोचलो तोवर उरलं होतं ते औताच्या चार फेऱ्यांत संपायचं. बा दुसऱ्यांच्या शेतात राबायचा. माय मात्र दर मंगळवारी डोहाकाठच्या सात आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवींच्या शेंदरी गोट्यांना, दहीभात ठेवायची. मला राग यायचा. जी नदी जमीन खाते, तिलाच जेवू घालायचं?

मॅट्रिक झालो, घराण्यात पहिला. अमरावतीच्या कॉलेजात नाव घालायची उद्या शेवटची तारीख. नांदुऱ्याहून दुपारची गाडी गाठायची होती आणि मध्ये नदी दुथडी. बा म्हणाला, "पुढच्या साली जाजो." पुढच्या साली मी वखरामागे असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शिक्क्याचं सर्टिफिकेट मेणकापडात गुंडाळून डोक्याला बांधलं आणि उडी घेतली. मी विहिरीत पोहायला शिकलेला. थोडंफार जमायचं, आणि तेवढ्यानेच छाती फुगलेली. विहिरीत दमलं की कपारीत पाय रोवून उभं राहायचं. इथेही मी खडकावर पाय रोवायला गेलो. पाण्याने मला खडकावर घासलं आणि याच काठाला फेकलं. गुडघे सोलून निघाले.

तिथे एक म्हातारा भोई बसला होता, दोन सुके भोपळे बांधलेली फळी घेऊन.

"काऊन बे, पाण्यासंग कुस्ती खेळून राह्यला?"

"मले कालेजात जाचं हाये."

"मंग जा ना, भांडतं काऊन? त्या खडकावर पाणी उठते, पाह्य. सहा लाटा जाऊ दे. सातवी मोठी येईन. फळीवर पालथा निज, अन् मंग काही करू नको."

"काहीच नाही?"

"तेच तर शिकलेल्याले जमत नाही, बापू! फळी पल्याडच्या बाभळीले बांधून ठेवजो."

मी मोजत राहिलो. सहा लाटा खडकावर फुटल्या. सातवी गढूळ पाठ फुगवून उभी राहिली, तसा मी फळीवर निजलो. पाय सवयीने खडक शोधू लागले. ते वर ओढले आणि जन्मात पहिल्यांदा नदीला मनात म्हणालो, माय, आता तूच ने. फळी उचलली गेली. काळा खडक पोटाखालून हातभर अंतरावर सरकत गेला. भीती वाटायला हवी होती, पण आत सगळं निवांत झालं होतं. लाटेने मला पल्याडच्या उथळ पाण्यात अलगद ठेवलं. फळी बाभळीला बांधली. सर्टिफिकेट कोरडं होतं. मागे वळून पाहिलं तर काठ रिकामा.

दिवाळीत आलो तेव्हा भोईवाड्यात विचारलं. तसा म्हातारा कुणाला माहीत नव्हता. बाभळीला नुसता दोरीचा तुकडा होता. मायला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "कितवी लाट म्हने तो?"

"सातवी."

ती भात कालवायला बसली. त्या मंगळवारी दहीभाताची वाटी मी नेली.

पुढची चार वर्षं अभ्यास मीच केला, तो कुणी आयता दिला नाही. पण हात कुठे मारायचे आणि कुठे आवरून घ्यायचे, हे मला त्या पाण्याने दाखवलं. त्याचं ऋण मानतो.

मी बी.ए. झालो. आमच्या गावातला पहिला.