बिनबुडबुड्यांचा दाजी

हसायचं तर हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याला विहिरीच्या तळाशी लाथ घातली. तीही तो माझा जीव वाचवायला आला असताना.

झालं असं. बरीच वर्षं मी आखातात डायव्हिंगचं काम केलं. आता मुकुंदवाडीत घर बांधून राहतोय. येताना हौसेनं एक रिब्रीदर आणलं. साध्या टाकीत आपण सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे होऊन वर जातात. रिब्रीदरमध्ये तीच हवा गाळून, तिच्यात ऑक्सिजन घालून पुन्हा आपल्याला मिळते. बुडबुडा म्हणून निघत नाही. हे तुम्हाला आत्ता सांगितलं ना, तेवढंच दत्ताला सांगायचं राहिलं.

दत्ता म्हणजे माझ्या बायकोचा, सुनीताचा धाकटा भाऊ. लासूर स्टेशनजवळ त्याची शेती. गेल्या उन्हाळ्यात साधी टाकी लावून त्याच्या विहिरीत उतरलो होतो, तेव्हा मीच त्याला ऐटीत सांगितलं होतं, "बुडबुडे दिसतायत तोवर तुझा दाजी जिवंत समजायचा."

यंदा दोर तुटून त्याची मोटर तळाला गेली.

"दाजी, कमरेला दोर तरी बांधा," दत्ता म्हणाला. "एकटेच कशाला उतरता?"

"या यंत्राला सोबत लागत नाय. तू चहा ठेव."

खरं तर हे यंत्र घेऊन एकट्यानं उतरणं सगळ्यात वाईट. ऑक्सिजन कमी पडला तर धाप लागत नाही, घाबरं होत नाही. माणूस गुपचूप झोपी जातो. मला हे पाठ होतं. पण सासुरवाडीत जावयाला नियम कुठले आठवतात?

खाली लई शांत होतं. मोटर गाळात रुतलेली, वायर दगडात अडकलेली. मी आरामात वायर सोडवत बसलो.

वर काय चाललं होतं ते नंतर कळलं. दत्ता आणि शेजारचे करीमचाचा काठावर वाकून बघत होते.

"चाचा, बुडबुडे येईनात."

"पानी तो एकदम शांत पडा है रे," चाचा म्हणाले.

दत्तानं सुनीताला फोन लावला, "ताई, दाजी वर येईनात," एवढंच बोलला, कमरेला दोर बांधला आणि कपड्यांसकट उडी टाकली.

इकडं अंधारात कुणीतरी माझा पाय धरला. आता तुम्हीच सांगा, विहिरीच्या तळाशी कुणी पाय धरला तर तुम्ही काय कराल? मी दिली लाथ.

आणि मग बॅटरीच्या उजेडात मला बुडबुडे दिसले. ढीगभर. ते दत्ताचे होते.

त्याला बगलेत धरून वर ढकललं, वरून चाचांनी दोर ओढला. काठावर पालथा घातल्यावर त्यानं भडाभडा पाणी ओकलं आणि डोळे उघडून पहिलं विचारलं, "दाजी, तुम्ही हायत का?"

एकटा मी उतरलो होतो, पण मरायला दोघं निघालो होतो.

लासूरच्या बाजारात गेलेली सुनीता रिक्षा करून आली. माझ्याकडं न बघता भावाजवळ बसली, पदरानं त्याचं डोकं पुसत राहिली. मग म्हणाली, "यंत्र लई हुशार हाय तुमचं. माणूसच जरा कमी पडला."

घरी येऊन मोबाईल उघडला, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर माझ्या लग्नातल्या फोटोखाली फुलं आणि हात जोडलेले. सुनीतानं रिक्षातून एक-दोघांना कळवलं होतं, बातमी माझ्या आधीच पोचली होती. शहागंजच्या मामांनी लिहिलं होतं, "माणूस सोन्यासारखा होता. फक्त कुणाचं ऐकत नव्हता."

त्या ओळीला एकच अंगठा होता. सुनीताचा. आणि तो तिनं मी घरी आल्यावर, समोर बसून दिला होता.