पाइपवरचा बर्फ

आमच्या कारखान्यात हवा दाबतात, गार करतात, मग एकदम मोकळी सोडतात. तेव्हा कुठे तिचा थोडासा द्रव होतो. उरलेली हवा आपला गारवा पुढच्या हवेला देऊन पुन्हा दाबून घ्यायला परत जाते. इतक्या मिनतवारीने मिळवलेली थंडी एका पाइपच्या फाटक्या वेष्टनातून सतत गळते. तिथे पांढराशुभ्र बर्फ धरतो.

आज मॅनेजरसाहेबांनी पाहुण्यांना नेमकं तिथेच आणलं. "बघा, आमच्या प्लँटची ताकद!" एका पाहुण्याने किल्लीने बर्फावर स्वतःचं नाव कोरलं आणि फोटो काढला.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, ही गळती आहे. वेष्टन बदला म्हणून तीनदा लिहून दिलंय मी."

"राहू द्या हो मॅडम. पाहुण्यांना दाखवायला दुसरं आहे काय इथे?"

खरंच, काय आहे? नीट चाललेल्या कामाचा कोणी फोटो काढत नाही. जे वाया जातं, तेच चमकतं.

पाहुणे चहाला गेले. मी तिथेच धुमसत उभी राहिले. बघता बघता कोरलेलं नाव नव्या बर्फाने बुजलं. गळतीने पुढच्या पाहुण्यासाठी पाटी कोरी करून ठेवली होती.