सीटवाले हमीदचाचा

हमीदचाचा माणसाच्या तोंडाआधी त्याच्या गाडीची सीट पाहायचे. आमच्या जालन्याच्या बाजारात, माझ्या वह्या-पेनांच्या दुकानासमोर, कडुनिंबाखाली त्यांचं शिवणयंत्र होतं. दुचाकींच्या सीटांना रेक्झिनची कव्हरं शिवायची, हा त्यांचा धंदा. मी पहिल्यांदा स्कूटी नेली तेव्हा त्यांनी सीटवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "बेटी, डाव्या खांद्यावर वजन घेऊन फिरती का? फोम एका बाजूनंच दबलाय. कंबर दुखत असन." दुखत होती. घरच्यांना दोन वर्षांत जे कळलं नाही ते या गृहस्थांना अंगठ्याने कळलं, याचा मला जरा रागच आला.

काम झाल्यावर कुणी उभ्या उभ्या "छान झालंय" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "बसून सांगा," म्हणायचे. गिऱ्हाईक सीटवर बसेपर्यंत गाडी सोडायचे नाहीत. हाच नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. कुणी अमक्याची सून भांडखोर आहे म्हणालं, की चाचा हातातलं दाभण थांबवून विचारणार, "तिच्या जागी बसून पाह्यलं का? न्हाई ना? मंग बसून सांगा."

आणखी एक खोड. प्रत्येक घराला त्यांनी धाग्याचा एक रंग ठरवून दिला होता. भांडेवाल्या रमणशेठच्या घरच्या सगळ्या गाड्यांना लाल, कापडवाल्यांना पिवळा, मला निळा. "आवड तरी विचारा," मी म्हणायचे. "रंग मी माणूस पाहून देतो," हे ठरलेलं उत्तर.

तीन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या गाड्यांचा प्रश्न पेटला. समोरच्या दुकानात जायचं तर पोट आत घेऊन जावं लागे, इतक्या गाड्या. पालिकेने लोकांची मतं मागवली. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज लिहून घ्यायचं काम व्यापाऱ्यांनी माझ्या गळ्यात टाकलं. रमणशेठनी सांगितलं, "लिहा ताई, गिऱ्हाईकाच्या गाडीला जागाच न्हाई, म्हणून ते इकडं येत न्हाई. हे बैठे धंदेवाले उठवा, मंग सगळं बराबर होतं." पुढच्या प्रत्येक दुकानात हेच. बैठे धंदेवाले म्हणजे आमच्या रस्त्यावर चाचाच, दुसरं होतं कोण? मी मुकाट्याने लिहीत गेले. शेवटी माझा अर्ज भरला, त्यातही तेच लिहिलं. हे सांगताना आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

चाचांना विचारायला गेले तर ते सुईत धागा ओवत होते.

"माझं मत राहू दे," म्हणाले. "साहेब पाहायला येनार हैत ना? त्यांनाच सांगतो."

"पण चाचा, जागा गेली तर?"

"तर काय? दुसरीकडं कोन येनार? गिऱ्हाईक मला न्हाई, या झाडाला ओळखतं." घरात कमावणारे ते एकटेच होते, हे मला माहीत होतं. अर्ज पिशवीत कोंबून मी निघाले.

पालिकेचे साहेब आले ते टेप आणि अर्जांचा गठ्ठा घेऊनच. मागे सगळे व्यापारी. साहेबांनी झाडाखालच्या यंत्राकडे बोट केलं, "हे काढलं की चार गाड्या बसतील." चाचांनी आपलं स्टूल पुढे सरकवलं. "साहेब, बसून सांगा." उन्हाने वैतागलेले साहेब सावली पाहून बसलेही. मग चाचा गाड्यांच्या रांगेतून चालू लागले, एकेका सीटवर बोट ठेवत. "लाल धागा, रमणशेठची. ही बी लाल, त्यांच्या भावाची. सकाळी लागती ती दुकान बंद व्हईपर्यंत हलत न्हाई. पिवळा, कापडवाले. ही बी त्यांचीच. यात गिऱ्हाईकाची कोनती, तुम्हीच दावा साहेब." रमणशेठना नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन आला.

पुढे माझी स्कूटी होती. निळा धागा लख्ख दिसत होता. चाचांनी तिच्यावर बोट ठेवलं नाही. तिला वळसा घालून ते पुढच्या गाडीपाशी गेले.

कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी खाली पाहिलं, मग दुकानाकडे पाहिलं. माझा अर्ज साहेबांच्या मांडीवर होता. शेवटी मीच म्हणाले, "साहेब, ही माझी आहे. दिवसभर इथंच असते. आणि माझा अर्ज मला परत द्या." आवाज नको तितका मोठा निघाला. त्यावर कापडवालेही पुटपुटले, "खोटं कशाला बोला, आमच्या दोन हैतच."

दुकानदारांच्या गाड्या मागच्या मैदानात गेल्या. रस्त्यावर फक्त गिऱ्हाइकांच्या, त्याही तासाभरापुरत्या. पांढरे पट्टे कडुनिंबाला वळसा घालून आखले गेले आणि चाचा जागेवर राहिले. रमणशेठनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. दुकानात गर्दी वाढली तेव्हा सोडला.

पुढे एकदा मी चाचांना विचारलं, "माझी गाडी का सोडली? माझी लाज राखली ना?"

"बिलकुल न्हाई," चाचा म्हणाले. "बाकीचे बोलले नसते, म्हनून त्यांच्या मी सांगितल्या. तू बोलशील, हे मला माहीत व्हतं."

मागच्या उन्हाळ्यात चाचा गेले. झाडाखाली आता शहागडहून आलेला त्यांचा जावई बसतो. मी गाडी मैदानात लावून चालत येते. चाचांची फार आठवण येते. त्यांना माझ्याबद्दल जे माहीत होतं ते मला अजिबात नव्हतं. त्या दिवशी मी किती वेळ खाली पाहत उभी होते, हेही मला सांगता येणार नाही. एवढं मात्र आठवतं, की मान वर केली तेव्हा पुढच्या गाडीपाशी चाचा बोट उचलून नुसते उभे होते. माझी वाट पाहत.