देवघरात फुगलेल्या बॅटऱ्या

सासऱ्यांवर ओरडता येत नाही. या एका कायद्यामुळे गेल्या दसऱ्याला मी फुटायचा बाकी होतो.

रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर हा माझा छंद. पन्नाशीला तो शोभत नाही, असं आमच्या फुलपाड्याच्या सोसायटीचं मत आहे आणि मला ते मत फार आवडतं. पाऊस संपून जूचंद्रकडचं मोकळं रान सुकलं, की पहिल्या रविवारी आम्ही चार-पाच वेडे तिथे जमतो. त्या रविवारसाठी मी पावसाळाभर जीव टांगून बसतो.

लिथियमच्या बॅटऱ्यांचे लाड मात्र बारमाही. वापरायच्या नसतील तर त्या अर्ध्याच भरून ठेवायच्या. पूर्ण भरून पडू दिल्या तर आतून बिघडतात, फुगतात, लहर आली तर पेटतातही. माझ्या चारही बॅटऱ्या अर्ध्या भरून, वाळूच्या मडक्यात, गॅलरीच्या सावलीत ठेवून आम्ही नवरा-बायको आठ दिवस कोकणात गेलो. घर राखायला नंदाखालहून सासरे आले. त्यांचं सगळं आयुष्य केळी-नारळाच्या वाडीत गेलेलं.

मध्ये खंडेनवमी आली. वाडीत ते कोयते, पंप, फवारा पुजतात. आमच्या फ्लॅटमध्ये पुजायला सापडलं ते हेलिकॉप्टर. चार्जर कसा लावायचा ते माझ्याकडे बघून बघून शिकले होते, तेही अगदी बिनचूक, हे माझं दुर्दैव. चारही बॅटऱ्या त्यांनी काठोकाठ भरल्या, देवघरात पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. शेजारी तेलाचा दिवा. आम्ही परतेपर्यंत रोज.

भरलेल्या लिथियमशेजारी दिवा! दारात चपला काढतानाच मला दिसलं. चारही टम्म पुऱ्या.

“मामा, हे काय केलंत?”

“अर्ध्याच भरलेल्या होत्या, जावईबापू. देवापुढं उपाशी ठेवायच्या?”

मग मी झेंडूला झापलं. पाटाला झापलं. हात नाचवत, खोलीभर फिरत, लिथियमचं सगळं शास्त्र समईला सुनावलं. सासरे मी आरती म्हणत असल्यासारखे मान डोलवत होते. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, आता समईने काय केलं. मी बॅटऱ्या वाळूत घालून गच्चीवर नेल्या आणि पेटू नयेत म्हणून एकेकीला स्कूटरचा बल्ब लावून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. त्या पुन्हा भरण्यालायक राहिल्या नव्हत्या. नव्या बॅटऱ्या रविवारपर्यंत येणार नव्हत्या.

रविवारी मी जाणारच नव्हतो. पण सासरे इस्त्रीचा सदरा घालून, हेलिकॉप्टर कडेवर घेऊन सकाळी सातलाच तयार. आपल्या पूजेचं फळ त्यांना बघायचं होतं. मैदानात बाकीच्यांची हेलिकॉप्टरं उडाली, उलटी झाली, सुलटी झाली. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला विचारलं, “आपलं कधी?”

“आपलं यंदा नाही,” मी म्हणालो. “त्याचा जीव तुम्ही घेतलात, मामा.”

ज्याचं हेलिकॉप्टर हवेत होतं त्याने ते घाईघाईने उतरवलं. सासऱ्यांनी सदऱ्याच्या बाहीने आमच्या हेलिकॉप्टरची शेपटी पुसली.

“नव्या आल्या की मला नीट दाखवा,” ते म्हणाले. “किती भरायच्या ते.”

चार्जरला हातसुद्धा लावायचा नाही, असं मी त्यांना चारचौघांत सांगितलं. ते मी अजूनही मागे घेतलेलं नाही.