जाळीमागची भाकरी

सोजरबाई आमच्या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि पक्की चोर होते. पैसाअडका मला नको होता. मी भाकरी चोरायची, तीही आपल्याच घरातली. पोटभर जेवून उठताना चतकोर भाकरी परकराच्या ओच्यात जायची आणि तिथून गोधडीच्या घडीत, नाहीतर जात्यामागच्या कोनाड्यात.

ही विद्या मी मोडनिंबला शिकले. माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. बाबा, म्हणजे कुंडलिक, सोलापुरात गिरणीत कामाला. दिवसभर साच्यावर उभं राहणारा माणूस पोर कशी सांभाळणार? त्यांनी मला चुलतीकडे ठेवलं. चुलतीच्या स्वयंपाकघरात एक लाकडी पेटी होती, पेटीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला. भाकऱ्या त्या पेटीत. दोन वेळा वाढून झालं की कुलूप खट्‌ करून लागायचं, मग कितीही भूक लागो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. तीन वर्षं मी त्या खट्‌ आवाजाला भिऊन होते.

तीन वर्षांनी बाबांनी केमच्या सोजरबाईशी पाट लावला आणि मला सोलापूरला परत आणलं. साल सत्तावीस असावं. सोजरबाईचा पहिला नवरा पटकीत गेला होता, मूलबाळ नव्हतं. उंच, सावळी, हाताची बोटं शेंगा उपटून राठ झालेली. बोलायला लागली की चौथ्या खोलीत ऐकू जायचं. चाळीतल्या पोरांनी तिला सोजरआई म्हणायला सुरुवात केली, म्हणून मीही म्हणू लागले, आणि पुढे नुसतं आई.

महिनाभरात मुंग्यांनी माझी चोरी उघड केली. तिने सकाळी गोधडी झटकायला उचलली, तर खाली तांबड्या मुंग्यांची रांग आणि सात तुकडे, त्यातले दोन हिरवे पडलेले. मी भिंतीला टेकून मार खायला तयार उभी राहिले. ती मात्र खाली बसली.

"कुणासाटी ठिवलंस गं?"

"माझ्यासाटी."

"कवासाटी?"

"कुलूप लागल्यावर," मी म्हणाले.

तिने तुकडे पदरात गोळा केले आणि बाहेर कोंबड्यांना टाकले. परत आली ती वर बघत. आमच्या भाकऱ्या मांजराच्या भीतीने आढ्याला टांगलेल्या शिंक्यात असायच्या. "हितं कुलूप न्हाय, अंबू," ती म्हणाली. पण माझा हात शिंक्याला पोचत नव्हता, तेव्हा कुलूप काय नि शिंकं काय, मला सारखंच होतं. माझ्या तोंडावरून तिला ते कळलं असणार. रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा तिने जाहीर केलं, "आपल्याला कपाट पायजे. भाकरीचं."

बाबा म्हणाले, "तीन माणसांना कपाट? आपण काय सावकार हाय व्हय?" पण आई एकदा बोलली की बोलली. त्या रविवारी गिरणीला सुट्टी होती. आम्ही सुतार गुरुबसप्पाकडे निघालो. पारख करायला म्हणून शेजारची केराबाईही बरोबर आली, कारण चाळीत कुणाकडे सूप जरी नवं आलं तरी ते केराबाईच्या नजरेखालून जावं लागे.

गुरुबसप्पा अक्कलकोटकडचा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मराठी बोलताना मधेच कानडी. त्याने एक तयार कपाट दाखवलं. सागवानी, दोन पल्ल्यांचं, पितळी कडीकोयंड्याचं. केराबाईने त्याच्यावरून हात फिरवला आणि "लक्ष्मी हाय गं!" म्हणाली. बाबांनाही आवडलं. आईने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग मला म्हणाली, "हितं म्होरं उभी ऱ्हा. काय दिसतंय?"

"दार," मी म्हणाले.

आईने मान हलवली आणि इकडेतिकडे पाहू लागली. अंगणात पोत्याखाली काहीतरी उभं होतं. तिने पोतं ओढलं. चार उंच पायांचं जुनं कपाट, रंग उडालेला, पण तिन्ही बाजूंनी बारीक तारेची जाळी. आईने आत हात घातला आणि दार हातावर लोटून घेतलं. "आता काय दिसतंय?"

"तुमचा हात. बांगड्यासुदीक."

"ह्येच घ्यायचं," आई म्हणाली.

गुरुबसप्पा रंधा टाकून धावत आला. "नको यव्वा! ते नको!" होटगीच्या रेल्वे बंगल्यातला साहेब बदलून गेला, तेव्हा त्याने ते लिलावात लाकूड बघून घेतलं होतं. घरी आणल्यावर साहेबाच्या खानसाम्याने सांगितलं, की यात साहेब मटण ठेवायचा. गुरुबसप्पा लिंगायत, मांसाला शिवायचा नाही; तेव्हापासून ते अंगणात पडून होतं. गुरुबसप्पाला ते मोडायला हात लावायचा नव्हता आणि टाकून द्यायला सागवान सोडवत नव्हतं.

आमच्याकडे वशाट खात होते, पण त्याची रीत होती. वशाट शिजायचं ते बाहेर, तीन दगडांच्या चुलीवर. त्याचं भगुणं वेगळं आणि ते भगुणं उंबऱ्याच्या आत येत नसे. या बाबतीत सगळ्या चाळीत कडक कोण, तर आमची आईच. एकदा बाबांनी वशाटाची पळी चुकून आत आणली, तर तिने सगळी खोली सारवून काढली होती.

"सोजरे, चुलीजवळ वशाटाचं कपाट?" केराबाई म्हणाली. "तुझ्या घरचं पाणी कोण पिईल गं?"

आईचा चेहरा पडला. ती जाळीला बोट लावून उभी राहिली, कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला ते कपाट हवं होतं आणि तिला ते घरात नको होतं. मला तेव्हा वाटलं, आता लाकडी दाराचंच घेणार.

"धुऊन घीन," आई शेवटी म्हणाली. "धुतल्यावर मानूसबी सोवळा हुतोय की."

तिने सात दिवस ते धुतलं. राखेने घासलं, गोमूत्र शिंपडलं, उन्हात ठेवलं, लिंबाच्या पाल्याचा धूर दिला, पुन्हा राख. त्या जाळीतल्या बारीक छिद्रांतून काडी फिरवताना तिची बोटं सोलवटली. त्यालाही एक कडी होती. ती तिने बाबांच्या पकडीने उपटली आणि रस्त्यापलीकडे भिरकावली. कडीची दोन भोकं त्या लाकडात अजून आहेत. कपाट माझ्याकडेच आहे.

कपाटाबरोबर गुरुबसप्पाने चार चिनी मातीच्या वाट्या दिल्या होत्या, कपाटाच्या चार पायांखाली ठेवायच्या. त्या कशासाठी हे त्याला विचारायचं राहिलं. आईने विचार केला, पायांखाली वाटी म्हणजे साहेबाची काही पूजा असणार. तिने चारी वाट्यांत करडईचं तेल घातलं, वाती केल्या आणि दिवे लावले. सगळी चाळ बघायला आली. कपाट आमच्या घरात गणपतीसारखं उजळून बसलं होतं. एक म्हातारी तर पाया पडून गेली. चार वाती पोसायला आमच्याकडे तेल कुठलं? दोन दिवसांत वाट्या कोरड्या पडल्या आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या पायांवरून चढून भाकरीवर पसरल्या. मी जी रडायला लागले ती थांबेना. आई कपाळाला हात लावून बसली. तेवढ्यात आपल्या कपाटाचं काय झालं हे बघायला गुरुबसप्पा आला. त्याने उंबऱ्याबाहेरूनच आत पाहिलं आणि पोट धरून हसला. "यव्वा, दिवे नाही, पाणी! पाणी घाल त्यात. मुंगीला पोहता येते काय?"

त्या दिवसापासून ते कपाट खरं कामाला लागलं. मधल्या कप्प्यात, नेमका माझ्या डोळ्यांसमोर येईल असा, एक पितळी ताट आणि त्यात एक भाकरी. "ही अंबूची," आईने सांगितलं. "कवाबी काढायची. इचारायचं न्हाय." पहिले काही दिवस मी दिवसातून दहा वेळा दार उघडून भाकरीला हात लावून यायची. आई चुलीकडे तोंड करून बसायची, वळून बघायची नाही. रोज ताजी भाकरी ताटात, कालची शिळी तिच्या पानात. गोधडीतल्या मुंग्या गेल्या. केराबाई दोन महिने आमच्याकडे पाणी प्यायली नाही, मग एके दिवशी शेंगाचटणीच्या वासाने तिचा निश्चय मोडला.

हळूहळू मी कपाटाकडे बघायचं विसरले. कधी विसरले ते मलाही ठाऊक नाही. शाळा होती, मैत्रिणी होत्या, भाकरी घरात असते हे मी धरून चालले होते. आई मात्र रोज ताटात भाकरी ठेवत राहिली. मला वाटे, सवय आहे.

मी तेरा वर्षांची असताना गिरणी बंद पडली ती अडीच महिने उघडली नाही. ज्वारी आधी मापाने येऊ लागली, मग मुठीने. आई आम्हाला वाढायची आणि म्हणायची, "मी मघाच खाल्लं." बाबांनी विश्वास ठेवला, मीही ठेवला. एके दुपारी नळावर हंडा उचलताना ती खाली कोसळली. केराबाईने तिला धरून घरात आणलं, भिंतीशी बसवलं आणि तिची नजर कपाटाकडे गेली. जाळीमागे, ताटात, अख्खी भाकरी होती.

"अगं, भाकरी घरात असून चक्कर यिऊन पडतीस?" केराबाई ओरडली. "येडी का खुळी तू? ती खायाची की!"

"ती अंबूची हाय," आई म्हणाली. आवाज इतका बारीक की चौथ्या खोलीत काय, दारातही नीट येईना. "ताट मोकळं दिसलं तर पोर पुन्ना भील."

मी हंडा घेऊन दारात उभी होते. त्या ताटाकडे मी किती वर्षांत बघितलं नव्हतं! आता मला भीती वाटत नाही, एवढं एक वाक्य मी तिला सांगितलं असतं तर ती जेवली असती. चाळभर तोंड वाजवत फिरणाऱ्या मला ते वाक्य कधी सुचलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते.

मी कपाट उघडलं, ताटासकट भाकरी काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने तोंड फिरवलं. "नगं. तुजी हाय."

"माजी हाय न्हवं? मग मी कुणालाबी दीन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तुकडा मोडला. बदलायला ताजी नसल्याने कित्येक दिवस तीच ठेवलेली भाकरी कडक झाली होती, पाण्याच्या घोटाबरोबर तिने ती सगळी खाल्ली, ताटातले कण बोटाने टिपून खाल्ले. खाताना तिचे डोळे सारखे कपाटाकडे जात होते. मी ताट घासलं आणि मधल्या कप्प्यात पालथं घातलं. जाळीतून ते तसं दिसत होतं.

"अंबू," ती म्हणाली, "कपाट मोकळं हाय. भ्या वाटतंय का गं?"

"न्हाय."

"खरं? कवापासनं?"

केराबाई माझ्याकडे बघत होती. मी आईच्या हातातला पेला घेतला.

"आजपासनं," मी म्हणाले.